बेनबुल्बेनच्या मागचा डोंगर

स्लायगो शहर सोडून उत्तरेला डोनेगलच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला बेनबुल्बेन उभा राहतो. माथा सपाट, कडे सरळ तुटलेले, कड्यांखालच्या हिरव्या उतारावर वरपासून खालपर्यंत घळीच घळी. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचं थडगं याच डोंगराच्या पायथ्याशी, ड्रमक्लिफच्या चर्चच्या आवारात आहे. 1939 साली ते फ्रान्समध्ये वारले, आणि 1948 साली त्यांचे अवशेष इथे आणण्यात आले. तेव्हापासून वायव्य आयर्लंडचं चित्र म्हटलं की हाच डोंगर समोर येतो.

पण बेनबुल्बेन हा सुटा डोंगर नाही. डार्ट्री नावाच्या मोठ्या पठाराचं ते समुद्राकडे पुढे आलेलं टोक आहे आणि त्याची उंची 526 मीटर आहे. त्याच पठारावर काही किलोमीटर आत गेलं की ट्रस्कमोर लागतो. त्याची उंची 647 मीटर. संपूर्ण स्लायगो काउंटीतली ही सर्वांत उंच जागा, आणि याच डोंगराच्या आग्नेयेकडच्या खांद्यावरचा 631 मीटरचा बिंदू शेजारच्या लीट्रिम काउंटीतला सर्वांत उंच. दोन काउंट्यांचे सर्वोच्च बिंदू एकाच डोंगरावर असूनही आयर्लंडबाहेर त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. खालून पाहिलं तर एक पसरट पाठ आणि तिच्यावर एक मनोरा, एवढंच दिसतं. नजर खिळवणारा कडा नाही, टोकदार सुळका नाही.

तरीही मला या पठारावर बेनबुल्बेनपेक्षा ट्रस्कमोरच जास्त विलक्षण वाटतो, कारण तो एक कोडं घालतो. हे पठार चुनखडीचं आहे. चुनखडी म्हणजे भेगाळलेला खडक. तिच्यावर पडलेलं पाणी वर थांबत नाही, फटींमधून खाली निघून जातं. शिवाय चुनखडी आम्ल मारते. दलदलीला नेमकं उलटं लागतं: पाणी वर साचून राहायला हवं आणि जमीन आम्लधर्मी हवी. आणि ट्रस्कमोरवर पाऊल टाकलं की ते काळ्या, ओल्या, गुडघाभर रुतवणाऱ्या पीटमध्येच जातं. चुनखडीच्या डोक्यावर दलदल आली कशी?

त्यासाठी सुमारे 33 कोटी वर्षं मागे जावं लागतं. त्या वेळी आज आयर्लंड असलेला भूभाग विषुववृत्ताच्या आसपास होता आणि त्याच्यावर उबदार, उथळ समुद्र पसरला होता. या समुद्राच्या तळाशी जे जे साठत गेलं, ते आज डोंगराच्या बाजूला थरांच्या रूपात उघडं पडलं आहे. तळाशी वालुकाश्म, त्याच्यावर काळसर चिखलाचा मऊ शेल, त्याच्यावर चुनखडीचे दोन थर. भूशास्त्रज्ञांनी या थरांना इथल्याच गावांची आणि दऱ्यांची नावं दिली आहेत: मल्लामोर वालुकाश्म, बेनबुल्बेन शेल, ग्लेनकार चुनखडी, डार्ट्री चुनखडी. यातलं मल्लामोर हे किनाऱ्यावरचं गाव भारतीय वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन 27 ऑगस्ट 1979 रोजी तिथेच, आयआरए या सशस्त्र संघटनेने बोटीवर ठेवलेल्या बॉम्बच्या स्फोटात मारले गेले.

थरांचा हा क्रम समजला की डोंगराचा आकार आपोआप उलगडतो. वरची चुनखडी टणक, म्हणून ती कडा होऊन सरळ उभी राहते. खालचा शेल मऊ, म्हणून पाण्याने त्यात घळी पाडल्या. चुनखडी तर समुद्रातल्या जिवांचीच: प्रवाळांची, शिंपल्यांची, देठावर डोलणाऱ्या समुद्रलिलींची. पठारापासून जवळच स्ट्रीडाच्या किनाऱ्यावर त्या काळच्या खडकांमध्ये शिंगाच्या आकाराची प्रवाळं इतकी दाटीने पडली आहेत की चालताना पाय त्यांच्यावरच पडतो. आज त्या किनाऱ्यावर अटलांटिकचा गार वारा अंगाला झोंबतो, आणि दगडात मात्र उष्ण कटिबंधातला समुद्र आहे.

आता गंमत अशी की ट्रस्कमोरचा अगदी वरचा माथा चुनखडीचा नाहीच. चुनखडी साठून झाल्यावर समुद्र उथळ होत गेला, वाळू येऊन पडू लागली आणि तिचा फिकट रंगाचा कठीण वालुकाश्म झाला. त्याला ग्लेनेड वालुकाश्म म्हणतात. पठारावर बहुतेक ठिकाणी हा थर झिजून गेला. ट्रस्कमोरवर तो टिकला, म्हणून ट्रस्कमोर सगळ्यांत उंच. चुनखडीच्या पठाराचं सर्वोच्च शिखर दुसऱ्याच खडकाचं निघावं, ही गोष्ट मला फार आवडते. आणि कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, कारण या वालुकाश्मात चुना नाही. त्याच्यावर पडलेलं पाणी सहजासहजी खाली जात नाही आणि त्याचं आम्लही कुणी मारत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर पावसाचं आणि एका शेवाळाचं.

हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचे जाड थर होते. हिमनद्यांनी ग्लेनकार, ग्लेनेड आणि ग्लेनीफ या दऱ्या खोल कोरल्या, कडे तासले, आणि जाताना जागोजागी दगडमातीचा चिकट गाळ मागे ठेवला. डार्ट्रीची चुनखडीही शुद्ध नाही. तिच्यात चर्ट नावाच्या गारेसारख्या कठीण दगडाचे गोळे आणि पट्टे आहेत. पावसाने चुना विरघळून जातो, चर्ट आणि चिकणमाती मागे राहते आणि फटी बुजत जातात. शतकानुशतकं पडणारा पाऊस वरच्या मातीतला उरलासुरला चुनाही खाली धुऊन नेतो. अटलांटिककडून येणारे ढग पहिल्यांदा या डोंगरांवर अडतात, त्यामुळे पावसाची इथे कधीच वाण नाही. पठारं पांघरूण घातल्यासारखी झाकून टाकणाऱ्या दलदलीला साधारणपणे वर्षाला 1,200 मिलिमीटरहून जास्त पाऊस लागतो. तोही आपल्याकडच्यासारखा चार महिन्यांत कोसळून गेलेला चालत नाही. वर्षभर, दोनशेहून जास्त दिवस झिमझिमत राहिलेला हवा. असा पाऊस मिळाला की स्फॅग्नम येतं.

स्फॅग्नमची एक काडी भिंगाखाली धरून पाहावी. पानाची जाडी एका पेशीएवढीच. त्यात अरुंद, हिरव्या, जिवंत पेशींची जाळी दिसते, आणि जाळीच्या घराघरांत मोठ्या, पारदर्शक, रिकाम्या पेशी. या रिकाम्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या भिंतींना बारीक भोकं असतात आणि आतून वेढे घालणारे धागे असतात, म्हणजे पेशी रिकामी असली तरी चेपत नाही. वनस्पतीने आपल्या अंगाचा मोठा भाग मरू दिला आहे तो फक्त पाणी साठवण्यासाठी. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ती धरून ठेवू शकते. मूठभर स्फॅग्नम उचलून पिळलं तर हातातून पाण्याची धार लागते, आणि उरतो तो फिकट हिरवा, जवळजवळ वजनच नसलेला चोथा.

पाणी धरणं हा तिचा एकच गुण नाही. पावसाच्या पाण्यात जे थोडेफार कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार असतात ते स्फॅग्नम ओढून घेतं आणि बदल्यात पाण्यात आम्ल सोडतं. म्हणजे आपल्याला हवी तशी जमीन ते स्वतःच बनवतं. पाणी आम्लधर्मी, हवा खेळत नाही, गारवा कायम, अशा ठिकाणी जिवाणूंचं काम मंदावतं आणि मेलेली वनस्पती कुजून संपत नाही. तिचा थर साठतो, तेच पीट. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या हिशेबाने ते चढत जातं. एकदा पीटचा थर पुरेसा जाड झाला की खाली वालुकाश्म आहे की चुनखडी याने फारसा फरक पडत नाही. वरच्या वनस्पतींची मुळं खडकापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या फक्त पावसावर जगतात. माथ्यावर सुरू झालेली दलदल अशी चुनखडीवरही पसरू शकते.

यात माणसाचा हात किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मेयो काउंटीत केजा फील्ड्स नावाच्या ठिकाणी पीटखाली हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांचे दगडी बांध सापडले, आणि सुरुवातीच्या शेतकऱ्यांनी झाडं तोडल्यामुळे जमिनीत पाणी साचू लागलं, असं म्हणणारे बरेच आहेत. सखल भागात ते खरं असू शकतं. सहाशे मीटरवर, वाऱ्यापावसात उभ्या असलेल्या माथ्याला मात्र कुणाच्या कुऱ्हाडीची गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

पीटमधून झिरपलेलं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं असतं. ओहळ होऊन ते माथ्यावरून उतरतं, आणि जिथे पीट आणि वालुकाश्म संपून उघडी चुनखडी सुरू होते तिथे डोळ्यांदेखत नाहीसं होतं. दलदलीने आम्ल केलेलं पाणी चुनखडीला भिडतं, तिला विरघळवतं, भेगेचं विवर करतं आणि त्यातून डोंगराच्या पोटात शिरतं. पठारावर अशी गिळणारी विवरं विखुरलेली आहेत. म्हणजे आधी वाटतं की दलदल आणि चुनखडी एकमेकींच्या वैरिणी. प्रत्यक्षात दलदलच चुनखडीच्या गुहा कोरणारी कारागीर आहे. पुढे हे पाणी खाली खाली जात शेलपर्यंत पोहोचतं. शेल त्याला वाट देत नाही, म्हणून ते आडवं वळून कड्याच्या तळाशी झरे होऊन बाहेर पडतं. बाहेरच्या हवेत आल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होतो. तो बसतो झऱ्याकाठच्या शेवाळावर. टोकाला हिरवं शेवाळ वाढतंय आणि बुडखा दगडाचा झालाय, असं दृश्य इथे पाहायला मिळतं. समुद्रातल्या जिवांनी 33 कोटी वर्षांपूर्वी पाण्यातून काढलेला चुना माथ्यावरच्या दलदलीने पुन्हा पाण्यात घातला, आणि तो आज एका झऱ्यावर नव्याने दगड होतोय. हे या क्षणीही चालू आहे.

गुहांपैकी सर्वांत प्रसिद्ध गुहा ट्रस्कमोरच्या उत्तरेला ग्लेनीफच्या नालाकृती दरीत, ॲनाकूनाच्या कड्यात उंचावर आहे. तिचं प्रचंड तोंड रस्त्यावरूनही दिसतं. ज्या पाण्याने ती कोरली ते केव्हाच दुसऱ्या वाटेने निघून गेलं. लोक तिला डियर्मिड आणि ग्रॉन्याची गुहा म्हणतात. म्हाताऱ्या सेनापती फिनची वाग्दत्त वधू ग्रॉन्या तरुण डियर्मिडबरोबर पळाली, आणि पाठलाग चुकवत ही जोडी देशभर लपत फिरली, ही आयरिश कथांमधली फार जुनी कथा. तिचा शेवट याच पठारावर, बेनबुल्बेनवर होतो. रानडुकराने फाडलेला डियर्मिड मरणाच्या दारात असतो. फिनच्या ओंजळीतलं पाणी प्यायलं तर माणूस वाचतो. फिन झऱ्यावर जातो, ओंजळ भरतो आणि पाणी बोटांमधून गळू देतो. पुन्हा भरतो, पुन्हा गळू देतो. तिसऱ्यांदा तो पाणी आणतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी हातात टिकत नाही ही गोष्ट या चुनखडीत राहणाऱ्यांना चांगलीच ठाऊक असणार.

गुहांनी कथांपेक्षा जुन्या गोष्टीही जपल्या. 1997 साली ग्लेनेडच्या वरच्या अंगाला एका गुहेत गुहा-संशोधकांना तपकिरी अस्वलांची हाडं मिळाली. आयर्लंडमधून अस्वल काही हजार वर्षांपूर्वी नाहीसं झालं आहे. वरच्या आम्लधर्मी पीटमध्ये हाडं विरघळून जातात. खालच्या चुनखडीत ती टिकतात. एकाच डोंगराच्या दोन मजल्यांवर जपणुकीचे नियम उलटसुलट आहेत.

वनस्पतींचंही तसंच. पीटवर ड्रॉसेरा सापडतं, म्हणजे कास पठारावर आपण ज्याला दवबिंदू म्हणतो त्या कीटकभक्षी वनस्पतीचं भावंड. कारणही तेच: जमिनीत अन्न नाही, मग किडे धरायचे. तिथून कड्याच्या काठाला आलं की झाडोरा पार बदलतो. इथे चुना आहे, उजेड आहे, आणि काही कपारी अशा की मेंढ्यांचं तोंड पोहोचत नाही. हिमयुगाच्या थंडीतल्या वनस्पती या कपारींमध्ये अजून तग धरून आहेत. अरेनेरिया सिलियाटा ही त्यातली एक. बोटभर उंचीची, पाच पांढऱ्या पाकळ्यांची, पानांच्या कडांना बारीक केसांची झालर असलेली. आल्प्समध्ये ती भेटते. आयर्लंडमध्ये या डोंगरांखेरीज कुठेही नाही. ती बर्फ वितळल्यावर इथे आली असावी असं पूर्वी मानत. मेनूथ विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची जनुकं तपासली, आणि तिचा इथला वंश शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्याहूनही जुना असावा असा निष्कर्ष काढला. तसं असेल तर सगळीकडे बर्फ असताना या पठाराच्या आसपास कुठेतरी एखादा उघडा कोपरा उरला होता आणि त्यात ही बोटभर वनस्पती फुलत होती.

दक्षिणेला ग्लेनकारच्या बाजूला पठाराचा कडा तुटतो तिथे डेव्हिल्स चिमनी नावाचा धबधबा आहे. उंची सुमारे 150 मीटर, आणि तो फक्त जोराच्या पावसानंतर वाहतो. दक्षिणेचा वारा दरीतून कड्यावर आदळला की पाणी खाली पडण्याऐवजी फवारा होऊन वर उडतं. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. खडक वेगळा, समुद्र वेगळा. सरळ कडा आणि समुद्राकडून आलेला वारा मात्र दोन्हीकडे सारखाच वागतो.

या निर्जन पठारावर माणसं आली ती कामाने किंवा नाइलाजाने. चुनखडीतल्या एका उभ्या भेगेत बराइट हे विलक्षण जड, पांढरट खनिज भरलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात त्याची खाण सुरू झाली आणि थांबत-चालत 1979 पर्यंत चालली. रंगात, तेलविहिरींच्या चिखलात बराइट लागतं. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला जे पांढरं औषध पाजतात तेही हेच बेरियम सल्फेट. आज तिथे डोंगर चिरून काढलेला खोल चर उरला आहे. आयरिश यादवी युद्धात 20 सप्टेंबर 1922 रोजी सरकारी फौजेने, ब्रिटनबरोबरच्या कराराला विरोध करणाऱ्या गटाच्या सहा जणांना याच पठारावर ठार केलं. त्यातला ब्रायन मॅकनील हा ओइन मॅकनील यांचा मुलगा, आणि ओइन मॅकनील त्या वेळी त्याच सरकारात मंत्री होते. त्या सहा जणांची स्मारकं डोंगरावर आहेत.

आणि मनोरा. आयर्लंडची दूरचित्रवाणी 31 डिसेंबर 1961 रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ट्रस्कमोरचं प्रक्षेपण केंद्र कामाला लागलं. वायव्येकडच्या घराघरांत आयर्लंडच्या दूरचित्रवाणीची हलती चित्रं पोहोचली ती इथून. काही गिर्यारोहकांना हा मनोरा खुपतो. मला तो उपरा वाटत नाही. 33 कोटी वर्षांपूर्वीचा वाळूचा एक थर झिजायचा राहिला, म्हणून हा माथा सगळ्यांत उंच. आणि उंच म्हणूनच मनोरा इथे.

पीटबद्दल मात्र काळजी वाटते. आयर्लंडच्या सुमारे पाचव्या भागावर पीट आहे आणि देशाच्या जमिनीतला निम्म्याहून अधिक कार्बन त्यात कोंडलेला आहे. मेंढ्यांनी वरचं शेवाळ खरवडलं, चर खणून पाणी काढलं किंवा कोरड्या उन्हाळ्यात भेगा पडल्या की साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. कधी सगळा उतारच सुटतो. जून 2020 मध्ये लीट्रिममध्येच ड्रमकीरनजवळच्या शास डोंगरावर कोरड्या हवेनंतर मुसळधार पाऊस झाला, आणि पीट झाडांसकट वाहत खालच्या शेतांवर आलं. बेनबुल्बेन, ग्लेनीफ आणि ग्लेनेडसह डार्ट्रीचं मोठं क्षेत्र आज युरोपीय संघाच्या कायद्याखाली राखीव आहे, आणि ते तसंच राहायला हवं.

स्लायगोला जाणं झालंच तर येट्स यांच्या थडग्यापाशी थांबून परत फिरू नका. ग्लेनीफच्या दरीपर्यंत जा. तिथला वळसा घालणारा रस्ता सर्वांना खुला आहे, आणि त्यावरून गुहा, कडे आणि माथ्यावरचा मनोरा असं सगळं दिसतं. मनोऱ्यापर्यंत जाणारा रस्ता खासगी आहे. आयर्लंडमध्ये डोंगरावर मुक्त फिरण्याचा कायदेशीर हक्क नाही, जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. म्हणून वर चढण्याआधी गावात विचारा, कुत्रा बरोबर नेऊ नका, आणि माथ्यावर ढग असेल तर तो दिवस खालीच घालवा. या पठाराच्या कड्यांना कुठेही कुंपण नाही.